पोहायचं वय

‘हे आधीच शिकून घ्यायला हवं होतं,’ हे वाक्य तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या गप्पांत हमखास येतं. यादीही साधारण ठरलेली असते: पोहणं, चार पदार्थांचा स्वयंपाक, पैशांचे व्यवहार, सही करण्याआधी कागद वाचणं, एखादी भाषा, एखादं वाद्य. ही हळहळ खरी किती आणि सोयीची किती, यावर एका घरातल्या दोघांचं काही केल्या जमत नाही. भाचा छत्तिशीचा, कोल्हापुरात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. त्याला पोहता येत नाही. आत्या साठी ओलांडलेली, सहकारी बँकेत कारकून म्हणून लागली आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाली. पोहायला शिकली ती पंचावन्नीनंतर. दोघांचं बोलणं जसं झालं तसं पुढे दिलं आहे.

भाचा : माझं म्हणणं सरळ आहे, आत्या. काही गोष्टी लहानपणी स्वस्तात मिळतात, मोठेपणी त्याच महाग पडतात. पोहणं त्यातलं पहिलं. पंचगंगेच्या काठच्या गावात वाढलो आणि आजही छातीभर पाण्यात उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

आत्या : मग लहानपणी का शिकला नाहीस?

भाचा : शिकवणार कोण? बाबांच्या वेळी मळ्यातली विहीर होती. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा, थोरल्या चुलतभावानं मागून ढकलून द्यायचं, चार घोट पाणी पोटात गेलं की हात आपोआप हलायला लागायचे. सुट्टी संपेपर्यंत पोरगं कठड्यावरून मुटका मारायचं. माझ्या वेळेपर्यंत विहीर बुजली, नदीचं पाणी अंगाला लावण्यासारखं राहिलं नाही, आणि आईचं एकच पालुपद, ‘पाण्याकडे फिरकायचं नाही.’ शाळेत तलाव नव्हताच. संधी गेली ती गेली.

आत्या : तुझ्या बाबांच्या विहिरीची गोष्ट तू अर्धीच सांगितलीस. त्या विहिरीवर मीही जायचे की. दादा वरून मुटका मारायचा तेव्हा मी खाली पायरीवर धुणं आपटत असायचे. त्याच्या उडीचं पाणी माझ्या पिळलेल्या कपड्यांवर यायचं, त्यावरून भांडणं व्हायची. पाणी शेंदायचं बाईनं, धुणी-भांडी बाईनं, गौरी आणायला पाणवठ्यावर जायचं बाईनं. दिवसातून चार वेळा पाण्याशी गाठ बाईची, आणि पोहायचं कुणी, तर पोरांनी. तू म्हणतोस लवकर शिकायला हवं. लवकर म्हणजे काय? मी तर रोजच तिथं होते. सहा वर्षांची असल्यापासून होते.

भाचा : म्हणजे तू माझीच बाजू मांडतेयस. घर मुलगा की मुलगी बघून शिकवतं. म्हणून हे काम घराकडून काढून शाळेकडे द्यावं. जपानचं बघ. ११ मे १९५५ ला तिथल्या सेतो समुद्रात शिउन मारू नावाची फेरीबोट दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. १६८ माणसं गेली, त्यात शंभर मुलं सहलीला निघालेली, शाळकरी. त्या धक्क्यानंतर तिथं शाळाशाळांतून तलाव बांधायला जोर आला आणि पोहणं अभ्यासाचा भाग झालं. नेदरलँड्समध्ये तर मुलं पोहण्याची पहिली परीक्षा अंगात कपडे आणि पायात बूट घालून देतात, कारण माणूस पडतो तो पोहण्याच्या पोशाखात पडत नाही.

आत्या : त्या बोटीतल्या शंभरांत मुली किती होत्या?

भाचा : मुलीच जास्त होत्या.

आत्या : बघ. जपान असो की आपली विहीर, हिशेब तोच लागतो. तू त्याला वयाचा प्रश्न म्हणतोस, मी म्हणते आधी हे बघ की कुणाला पाण्यात उतरू दिलं होतं आणि कुणाला काठावर ठेवलं होतं. हळहळ करणाऱ्यांना मी हेच विचारते: तुझी वेळ गेली, की तुला वेळ दिलीच नव्हती? दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

भाचा : वेगळा कसा? वेळ दिली नव्हती, तर पुढच्यांना वेळेवर द्यायची. शाळेत द्यायची.

आत्या : शाळेत शिकवलं की आलं, हा मास्तरांचा लाडका समज आहे. तुझ्याच विषयाचं उदाहरण घेऊ. चक्रवाढ व्याज मी शाळेत शिकले, तू शिकलास, तुझी पोरं आज शिकतात. सूत्र पाठ, मार्क पैकीच्या पैकी. आणि पैशांचे व्यवहार आधी समजायला हवे होते असं म्हणणारे लोक कोण असतात? हीच पैकीच्या पैकीवाली. बँकेत माझ्यापुढं इंजिनिअर बसायचे, डॉक्टर बसायचे. विम्याच्या आणि कर्जाच्या कागदावर पेन्सिलीनं फुली मारलेल्या जागी सही करून मोकळे. वाचता येत नव्हतं? येत होतं. गणित कच्चं होतं? अजिबात नाही.

भाचा : मग कमी काय पडलं?

आत्या : सराव, आणि हक्क. माझंच सांगते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या ठेवींचं व्याज काढायचे, तेही कागदावर, तेव्हा आमच्या शाखेत संगणक आला नव्हता. संध्याकाळी घरी यायचे, तर माझ्या पगाराचं पासबुक सासऱ्यांच्या कपाटात आणि किल्ली त्यांच्या जानव्याला. कौशल्य माझ्याकडं पुरेपूर होतं. वापरायला माझ्या हातात पैसे नव्हते. ते मी आधी शिकले असते तर काय फरक पडला असता? पंचविसाव्या वर्षी अजून हुशार झाले असते आणि किल्ली तिथंच राहिली असती.

भाचा : हे मला मान्य आहे, पण यावरून शिकवणं निरुपयोगी ठरत नाही.

आत्या : निरुपयोगी म्हणत नाही मी. शिकवणं कधी मुरतं ते सांगते. म्हसवडच्या माणदेशी बँकेचं तुला ठाऊक असेल. चेतना सिन्हांनी माण तालुक्यातल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं, रिझर्व्ह बँकेकडं अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, कारण संस्थापक बायका अंगठेबहाद्दर होत्या. तर त्या बायका लिहा-वाचायला शिकायला लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या लोकांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा आणि बघा. १९९७ साली बँक सुरू झाली. त्या बायका काही पाचवीतल्या नव्हत्या. पण त्यांना बँक काढायची होती. शिकायला लागतं ते हे. डोळ्यांपुढं काम असलं की पन्नाशीतलं डोकंही चालतं, आणि काम नसलं की पंधराव्या वर्षीचंही परीक्षा संपली की रिकामं.

भाचा : सुंदर गोष्ट आहे. पण आता माझा हिशेब ऐक, आणि तू बँकेतली, चूक असेल तर सांग. पीपीएफ घे. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के आहे. तेच कायम राहिलं असं धरू. एकीनं पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत वर्षाला १२ हजार टाकले. मुद्दल ४ लाख २० हजार, हातात येतात साधारण १८ लाख. दुसरीनं पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं. पंधरा वर्षांत मुद्दल १ लाख ८० हजार, हातात सव्वातीन लाख. पहिलीनं दुसरीच्या सव्वादोन पटींच्या आसपास भरले आणि साडेपाच पट मिळवले. वरचा फरक कुणी दिला? वर्षांनी. हुशारीनं तो भरून निघत नाही, हक्क मिळाल्यानंही निघत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी किल्ली हातात आली, तरी मधली वीस वर्षं कुणी परत देत नाही.

आत्या : हिशेब बरोबर आहे.

भाचा : आणि पाण्याचं तर त्याहून कडक. तू म्हणतेस गरज डोळ्यांपुढं असली की माणूस शिकतो. बुडताना गरज डोळ्यांपुढंच असते, तेव्हा शिकवणार कोण? २०२२ साली आपल्या देशात ३८ हजारांहून जास्त माणसं पाण्यात बुडून गेली, ही सरकारी नोंद आहे. २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. त्यांना कुणी म्हणायचं का, की वेळ आली की शिकाल?

आत्या : नाही म्हणणार. इथं मी माघार घेते. पाण्यात गरज आणि परीक्षा एकाच दिवशी येतात, तयारीला मधे दिवस मिळत नाही. फक्त एक जोड देते. महापुराच्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही जातो. ओढ असते, झाडं वाहत येतात, तारा असतात. तिथं आधी लाईफ जॅकेट आणि बोटीत मोजकी माणसं, मग पोहणं. पोहता येतं म्हणून धरणात उतरलेली तरणी पोरं दर उन्हाळ्यात पेपरात येतात. तेव्हा शिकवायचंच असेल तर कुठं उतरू नये हेही शिकव.

भाचा : कबूल. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांवरच्या मुलांना पोहण्याबरोबर पाण्यातली सुरक्षितता शिकवा असंच सांगते. आता अजून एक माघार घ्यायला लावतो. काही कौशल्यांना शरीरानंच मुदत घातलेली असते. २०१८ साली इंग्रजीच्या व्याकरणावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, जवळपास ६ लाख ७० हजार लोकांची चाचणी घेऊन. नवी भाषा झपाट्यानं आत्मसात करायची ताकद साधारण सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत टिकते, पण ती मातृभाषेसारखी यायची तर दहाव्या वर्षाच्या आतबाहेर सुरुवात हवी, असं त्यात दिसलं. नुसता स्वर ऐकून तो कुठला हे ओळखण्याचं वरदान ज्यांना असतं, त्यांचंही शिक्षण बहुतेक वेळा सहा-सात वर्षांच्या आत सुरू झालेलं असतं. आता या वयात मी काहीही केलं तरी ते येणार नाही.

आत्या : येणार नाही, बरोबर. पण तुझ्या यादीत अशा मुदतीच्या गोष्टी किती? उच्चार, सुराची ती ओळख, ऑलिम्पिकचं पदक. सगळी मिळून एका हाताच्या बोटांवर. आणि माणसं हळहळतात कशासाठी? पोहणं, स्वयंपाक, गाडी चालवणं, चारचौघांत उभं राहून बोलणं, ‘नाही’ म्हणणं. यातल्या एकालाही शरीरानं मुदत घातलेली नाही. आपण काय करतो, तर मूठभर गोष्टींची मुदत उरलेल्या सगळ्यांना लावतो. तुला काय वीरधवल खाडे व्हायचंय?

भाचा : आपल्या कोल्हापूरचाच आहे तो. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेला, २००८ साली. लहानपणापासून पाण्यात होता म्हणून गेला.

आत्या : आणि मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे. सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेतलं. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना पाण्यानं घेतलं.

भाचा : तरी ते तेव्हा विशीत होते, आणि मुळातले खेळाडू. तू नेहमी अपवाद आणतेस.

आत्या : बरं, अपवाद बाजूला. माझ्यासारखी सामान्य बाई घे. लोकांना वाटतं मोठ्या वयात हातपाय वळत नाहीत. तसं काही नसतं. अडतो तो श्वास. मोठा माणूस पाण्यात शिरला की श्वास कोंडून धरतो, मान वर काढतो, अंग लाकूड करतो. मान वर गेली की कंबर खाली जाते आणि माणूस उभाच्या उभा बुडायला लागतो. आमच्या शिक्षिकेनं सुरुवातीचे कितीतरी दिवस हात मारायला शिकवलंच नाही. तोंड पाण्यात घाला, नाकातोंडातून बुडबुडे सोडा, वर या, श्वास घ्या, परत खाली. एवढंच. छातीत हवा असली की शरीर तरंगायलाच बघतं, आपण त्याला तरंगू देत नाही. आणि अंगावर चरबी असली की आणखी सोपं. ज्या वजनावरून मी दहा वर्षं टोमणे ऐकले ते पाण्यात माझ्या कामी आलं.

भाचा : भीती वाटली नाही?

आत्या : वाटली की. लहान पोराला भीती कमी असते हे तुझं खरं. कारण बुडण्याच्या गोष्टी त्यानं अजून ऐकलेल्या नसतात. पण मोठ्या माणसाकडं दुसरं एक असतं, त्याला कारण सांगितलं की पटतं. मान खाली घातली की कंबर वर येते, हे एकदा समजलं आणि मी मान घातली. पोराला ते शंभरदा बुडून कळतं. आता मी तुला विचारते. महापालिकेचा तलाव घरापासून दोन किलोमीटरवर आहे. हळहळतोस वीस वर्षं. अजून नाव का घातलं नाहीस?

भाचा : वेळ नसतो.

आत्या : उन्हाळ्याची सुट्टी मास्तरांना असते, बँकेतल्या बाईला नव्हती.

भाचा : खरं सांगू? सकाळच्या बॅचला माझ्या वर्गातली पोरं असतात. मी कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून पाय हलवणार आणि माझी नववी ‘अ’ दुसऱ्या टोकाला सूर मारणार.

आत्या : मारू दे. उलट तुला कठडा धरलेला बघून एखाद्या ढ पोराला बरं वाटेल. फळ्यावर तू कायम बरोबरच असतोस. मास्तरलाही काही येत नसतं आणि तो ते शिकतो, हे त्या पोरांनी कधी बघितलेलंच नाही. राजा, राग मानू नकोस, पण ‘आधी शिकायला हवं होतं’ या वाक्यात एक सोय आहे. ते म्हटलं की आज शिकायची जबाबदारी संपते. सगळा दोष गेलेल्या वर्षांवर टाकून माणूस मोकळा.

भाचा : हे लागलं. पण तेवढ्यानं माझा मुद्दा पडत नाही. उशिरा शिकणाऱ्यांचं आपण फार कौतुक करतो आणि त्या कौतुकात मूळ चूक झाकली जाते. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी नऊवारी, पाठीवर दप्तर, देशोदेशीचे फोटोवाले आले. शिकवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या फोटोंकडं बघून मला आधी लाज वाटते. त्या आज्या सहा वर्षांच्या असताना त्यांना पाटी कुणी दिली नाही, म्हणून साठाव्या वर्षी दिली. चांगलं झालं. पण अशी शाळा काढायची वेळ पुन्हा कुठल्या गावावर येऊ नये, हे खरं काम.

आत्या : हे मात्र बरोबर बोललास. कौतुक आणि न्याय यात गल्लत नको. पण आजीनं पाटी धरली तेव्हा तिच्या घरात काय झालं असेल याचा विचार कर. जी आजी कालपर्यंत नातीला म्हणायची ‘पुरे ते पुस्तक, भाकऱ्या थाप,’ तीच आता नातीला विचारते, हे अक्षर कुठलं गं. त्या नातीची शाळा अर्धवट सुटायची भीती तेवढी कमी झाली.

भाचा : भाकरीवरून आठवलं. ती मी टाळेबंदीत शिकलो.

आत्या : आणि आईला सांगत सुटलास की ज्वारीत चिकटपणा नसतो म्हणून आधणाचं पाणी लागतं! ती चाळीस वर्षं थापतेय. पण तुझं काय चुकलं नाही त्यात. लागली तेव्हा शिकलास, घरातच शिकलास. तिथं ना शाळा लागली ना वयाची मुदत. फक्त चुलीपुढची जागा रिकामी मिळाली. ती जागा याआधी तुला कुणी दिली नाही आणि तूही मागितली नाहीस.

भाचा : म्हणजे शाळेनं करायचं काहीच नाही? नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवलेत. मुलांनी सुताराकडं, माळ्याकडं, कुंभाराकडं जाऊन शिकायचं.

आत्या : दहा दिवसांत चाकावर मातीचा गोळासुद्धा मधोमध बसत नाही. ओळख होईल, कौशल्य नाही. त्यापेक्षा पाबळचं बघ. विज्ञान आश्रम, शिरूर तालुक्यातला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून १९८३ साली तो सुरू केला. शाळेतली मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, बांधकाम, शेती, आरोग्याच्या साध्या तपासण्या. खरी गंमत पुढं आहे: ती सरावापुरती करून मोडून टाकत नाहीत. गावातल्या कुणाच्या तरी खऱ्या कामाची करतात. दार बनवलं तर ते कुणाच्या तरी गोठ्याला लागणार असतं, आणि नीट लागलं नाही तर गोठेवाला बोलणार असतो.

भाचा : म्हणजे लहान वयही आहे आणि गरजही. मग माझंही खरं, तुझंही खरं.

आत्या : इतक्यात समेट नको. पाबळला मुलं शिकतात कारण गाव त्यांना काम देतं. तुझ्या शाळेतल्या पोराला बँकेचा फॉर्म कोण भरू देतं? घरातला विजेचा फ्यूज कोण बदलू देतं? आई म्हणते अभ्यास कर, बाप म्हणतो लांब हो, शॉक बसेल. मोठ्यांनी हातातलं काम सोडलं तरच लहानांना ते मिळतं. म्हणून नुसतं मुलांना शिकवून भागत नाही. मोठ्यांनाही ढिलं सोडायला शिकावं लागतं.

भाचा : ठीक. तर मग मी काय करतोय ते ऐक. मी महापालिकेला एक अर्ज लिहिलाय. आमच्या शाळेतल्या पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना आठवड्यातून दोन तास तलाव द्यावा. तरंगणं, कपड्यांसकट पोहणं, बुडणाऱ्याला काठीनं किंवा दोरीनं कसं ओढायचं, एवढं चार वर्षांत प्रत्येकाला आलं पाहिजे. मुलीही त्याच यादीत, वेगळी परवानगी वगैरे काही नाही. पालकांच्या आणि नागरिकांच्या सह्या हव्यात. पहिली तुझी.

आत्या : अर्ज चांगला आहे. सही करणार नाही.

भाचा : का?

आत्या : मी तलावावर कशी पोचले ठाऊक आहे? नातवाला घेऊन. तो पाण्यात आणि आम्ही दहा-बारा बाया बाकावर. मांडीवर टॉवेल, हातात बिस्किटाचा पुडा, डोळे पोरांवर. आई, मावशी, आजी, एक कामवाली. एकीलाही पोहता येत नव्हतं. पोरगं जरा पाण्याखाली गेलं की बाकावरची बाई किंचाळायची, मग पोरगं भ्यायचं, मग शिक्षक वैतागायचे. मी बघत बसले. मग मनात आलं, मी इथं तास घालवतेच आहे, तो कोरडा का घालवू? बायकांची बॅच विचारली तर दुपारी बाराची. ज्या वेळी कुकर लावायचा असतो ती. ठरवणाऱ्यांनी मुद्दाम केलं नसेल, पण केलं असतं तर याहून चोख जमलं नसतं. निवृत्त होते म्हणून मला जमलं.

भाचा : याचा माझ्या अर्जाशी काय संबंध?

आत्या : तुला पोहायला कुणी अडवलं? तूच मघाशी सांगितलंस. विहीर बुजली, नदी खराब झाली, हे सगळं आहेच. पण आईचं पालुपद काय होतं?

भाचा : ‘पाण्याकडे फिरकायचं नाही.’

आत्या : तिला का भीती वाटायची? तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. तू बुडायला लागलास तर काठावर उभं राहून ओरडण्यापलीकडं तिच्या हातात काही नव्हतं. म्हणून तिनं तुला काठापर्यंतही जाऊ दिलं नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तुझं लवकर हुकलं, कारण तिचं उशिराही झालं नाही. तू दोन्हींची भांडणं लावतोस, पण घरात ती एकाच दोरीला बांधलेली असतात. पन्नाशीतली बाई तरंगायला शिकली की तिच्या घरातलं पाच वर्षांचं पोर आपोआप पाण्यात उतरतं, शाळेची वाट बघत नाही. पासबुकाचंही तसंच. ज्या मुलीनं आईला स्वतःच्या खात्यातून पैसे काढताना बघितलंय, तिला तुझं चक्रवाढ व्याज धडा म्हणून शिकवावं लागत नाही.

भाचा : म्हणजे तुझी अट काय?

आत्या : अर्जात एक कलम घाल. मुलांची बॅच खोल टोकाला चालू असताना, त्याच तासाला, उथळ टोकाला त्यांना आणणाऱ्या बायकांची बॅच. वेगळी वेळ नको, वेगळी वेळ त्यांच्याकडं नसते. तो तास त्या बाकावर घालवतातच. अंगभर पोशाख चालेल असं स्पष्ट लिही. शिकवायला बाई हवी असंही लिही.

भाचा : आत्या, तू बँकेत होतीस, तुला सरकारी कामं माहीत आहेत. दुसरी प्रशिक्षक, जादा जीवरक्षक, दोन्हींचा पगार. एक मागितलं तर मिळेल. दोन मागितली की फाईल परत येईल, आणि मुलांचंही जाईल. आधी मुलांचं पदरात पाडू, मग पुढच्या वर्षी बायकांचं.

आत्या : बायकांचं पुढच्या वर्षी, हे मी विहिरीच्या पायरीवर असल्यापासून ऐकतेय.

भाचा : आणि दोन्हींतलं एकच देतो म्हणाले तर?

आत्या : तर मुलांचं घे. पाण्यात परीक्षा आधी येते, हे मी मघाशीच कबूल केलंय. पण मागताना कमी मागू नकोस. नाही म्हणायला महापालिकेत पगारी माणसं बसलेली आहेत, ते काम आपण घरबसल्या फुकट कशाला करायचं? कलम घाल, मग पेन दे.